शेवटची लढत कोण ठरवतो?

म्हातारा झालेला मुष्टियोद्धा रिंगमधून वेळेवर उतरत का नाही, हा प्रश्न आपल्याकडचे पांढरपेशे क्रीडालेखक दरवेळी एकाच सुरात विचारतात. हात संथ झाले, पाय जड झाले, मग कशाला आणखी दोन लढती? सन्मानाने निवृत्त का झाला नाही? विचारणाऱ्याला वाटते की हा नुसता हट्ट आहे, टाळ्यांचे व्यसन आहे. परंतु सन्मानाने निवृत्त व्हायला आधी पदरात सन्मान पडलेला असावा लागतो आणि घरच्या डब्यात पीठ असावे लागते. ज्याच्याकडे शरीर सोडून दुसरे भांडवलच नाही, त्याने ते भांडवल कधी बंद करावे हे सांगायला मात्र सगळे पुढे असतात.

शहापूर-मुरबाडच्या वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. किन्हवलीवरून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचला उभे राहा. अंधारात पोरे धावताना दिसतील. पोलीस भरतीची तयारी. त्यांत वीस-बावीसची कोवळी पोरे असतात, तसा एखादा बत्तीस वर्षांचाही असतो. मागासवर्गीय उमेदवाराला वयाची मर्यादा तेहेतीस. घरी बायको-मूल, दिवसा मुरबाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली काम, आणि पहाटे १६०० मीटरचा सराव. सोबतचे त्याला काका म्हणतात. तो हसतो आणि 'शेवटची भरती' एवढेच म्हणतो. जत्रेच्या फडातही हेच. एकेकाळी निकाली कुस्तीवर इनाम घेतलेला गडी चाळिशीत पुन्हा लंगोट बांधतो, आणि लोक म्हणतात, याची हौस काही फिटत नाही. हौस असते, नाही असे नाही. पण त्या दिवशीच्या इनामातून कोणाच्या तरी शाळेची फी जायची असते, हे फडाच्या कडेला बसलेल्याला दिसत नाही.

मुरबाडचे नाव घेतले म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण आपल्याच तालुक्यातल्या पोरांना ती ठाऊक नसते. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाई या मुरबाडकरांच्या घरच्या. हे घराणे मूळ याच मुरबाडचे आणि पिढीजात लष्करी पेशाचे. सुभेदार रामजीबाबाही पलटणीतलेच. पलटण म्हणजे काय होते? ज्या समाजाला गावाने वेशीबाहेर बसवले, त्याच्या अंगातल्या ताकदीला तिथे पगार होता, हुद्दा होता, आणि हातपाय थकल्यावर पेन्शन होती. ही शेवटची गोष्ट फार मोठी. शरीर थकल्यावरही माणूस उपाशी मरणार नाही, याची ती लेखी हमी. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारकडे अर्ज केला, तो याच हमीसाठी. किन्हवलीच्या रस्त्यावर धावणारा बत्तीस वर्षांचा गडी आज त्याच हमीच्या मागे धावतो आहे. त्याला हट्टी म्हणायचे की काय म्हणायचे, ते आपण ठरवावे.

आता मुष्टियुद्धाकडे येऊ. जो लुईस १९३७ पासून १९४९ पर्यंत हेवीवेट गटाचा जगज्जेता होता. पंचवीस वेळा त्याने किताब राखला. दुसऱ्या महायुद्धात या काळ्या माणसाने लढतींची कमाई अमेरिकेच्या नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकली. सरकारने पाठ थोपटली आणि नंतर त्याच्या कमाईवरचा कर मागितला. देऊन टाकलेल्या रकमांचाही हिशेब त्यात धरला गेला. व्याज चढत गेले. निवृत्त झालेला लुईस कर फेडण्यासाठी पुन्हा रिंगमध्ये आला आणि २६ ऑक्टोबर १९५१ रोजी, सदतीस वर्षांचा असताना, रॉकी मार्सियानोच्या ठोशाने दोऱ्यांमधून बाहेर पडला. पुढे लास व्हेगासच्या जुगारखान्यात येणाऱ्या पाहुण्यांशी हात मिळवण्याची नोकरी त्याने केली. १९८१ साली वारला. त्याची ती शेवटची लढत कोणी ठरवली? करखात्याने.

मुहंमद अलीचे नाव आपल्या चळवळीला नवे नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन, आणि काळ्या माणसाच्या त्या लढ्याचा आपल्या वस्त्यांतला ओळखीचा चेहरा म्हणजे अली. व्हिएतनामच्या लढाईत जाणार नाही म्हणून १९६७ साली त्याने भरती नाकारली. किताब काढून घेतला, परवाना काढून घेतला, शिक्षा ठोठावली. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. परंतु पंचविशी ते अठ्ठाविशी ही वर्षे, मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यातला खरा बहर, ती कोणते न्यायालय परत देणार? साडेतीन वर्षे रिंगबाहेर घालवलेला अली परत आला तेव्हा त्याच्या पायातली ती चपळाई निम्मी झाली होती. पाय पळू देईनात म्हणून तो उभा राहून ठोसे खायला शिकला. १९७४ साली किन्शासात त्याने फोरमनला हरवले, ते दोऱ्यांना टेकून, मार अंगावर घेत. लोकांनी त्या डावपेचाचे कौतुक केले. त्याची किंमत नंतर मेंदूने मोजली.

१९७८ साली तिसऱ्यांदा जगज्जेता होऊन १९७९ साली अलीने निवृत्ती जाहीर केली. जानेवारी १९८० मध्ये तो भारतात आला. दिल्लीत आपल्या लष्करातल्या कौरसिंगबरोबर आणि मद्रासमध्ये जिमी एलिसबरोबर प्रदर्शनी लढती खेळला. लोकांची झुंबड उडाली. आणि त्याच वर्षी तो पुन्हा खऱ्या लढतीला उभा राहिला. लढतीआधी मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. डोळे मिटून बोट नाकाला लावताना ते थोडे चुकत होते, एका पायावर उड्या मारताना तोल सावरत नव्हता. हे कागदावर आले, तरी परवाना मिळाला. कारण परवाना देणाऱ्यांना, तिकीट विकणाऱ्यांना, दूरचित्रवाणीवाल्यांना ती लढत हवी होती. वजन उतरवण्यासाठी थायरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. २ ऑक्टोबर १९८० ला लॅरी होम्सने दहा फेऱ्या त्याला मारले. होम्स एकेकाळी अलीचाच सरावातला जोडीदार. मारणाऱ्यालाच दया येत होती. दहाव्या फेरीनंतर अलीच्या माणसांनी लढत थांबवली. ठरलेल्या ऐंशी लाख डॉलरमधले बारा लाख प्रवर्तक डॉन किंग याने कापून घेतले. अली कोर्टात गेला आणि शेवटी पन्नास हजारांवर मिटवून बसला. तेव्हा तो आजारी होता.

तरीही आणखी एक लढत झालीच. अमेरिकेत कोणी परवाना देईना म्हणून बहामा बेटावर, नासाऊला, ११ डिसेंबर १९८१ रोजी. फेरीची घंटा सापडेना म्हणून गायीच्या गळ्यातली घंटा वाजवली. ट्रेव्हर बर्बिककडून दहा फेऱ्यांत अली हरला. १९८४ साली पार्किन्सनचे निदान झाले आणि २०१६ साली मृत्यू. एकसष्ट लढतींत छप्पन्न विजय मिळवलेल्या माणसाचा शेवट एका उधारीच्या घंटेवर व्हावा, याला काय म्हणायचे! आणि त्या कौरसिंगने १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हेवीवेटचे सुवर्णपदक मिळवले, अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. २०१७ साली हृदयाच्या उपचारासाठी कर्ज काढावे लागल्याची बातमी आली तेव्हा देशाला त्याचे नाव पुन्हा आठवले. २०२३ साली तो गेला.

हे सगळे परदेशाचे आणि पंजाबचे झाले. आपल्या घरात काय झाले? इथे मुष्टियुद्ध सोडून क्रिकेटच्या मैदानावर जावे लागेल, कारण अस्पृश्यांतून आलेला या देशाचा पहिला मोठा खेळाडू त्या मैदानावर उभा होता, आणि त्याच्या शेवटच्या लढती कोणी ठरवल्या ही गोष्ट आपल्या चळवळीच्या इतिहासाला थेट येऊन भिडते.

बाळू पालवणकर. जन्म १८७६ च्या सुमाराचा, धारवाडचा, चर्मकार समाजातला. वडील लष्करात नोकरीला, म्हणजे पुन्हा पलटणच. पुण्यात गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि भाऊ शिवराम खेळ शिकले. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या क्लबात मैदान झाडायची, महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे जाळे लावायचे, खेळपट्टी लोटायची, आणि साहेबांना सरावाला चेंडू टाकायचा. ग्रेग नावाचा साहेब तासन्तास बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करी. या माणसाने शेकडो तास गोलंदाजी केली, पण बॅट हातात द्यावी असे एकाही साहेबाला वाटले नाही. बॅट हे सरदाराचे हत्यार आणि चेंडू टाकणे ही हमाली, अशी त्यांचीही एक वर्णव्यवस्था होतीच.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचे होते. हरवायला बाळू लागत होते. मग मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरे. चहाची वेळ झाली की बाकीचे आत चिनी मातीच्या कपात चहा पीत, आणि बाळूंना बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! ज्यांना वाटते की खेळात जात नसते, त्यांनी हा चहा विसरू नये.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी लागली, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि शिवराम होते. पुढच्या वर्षी पुन्हा हरवले. वर्तमानपत्रांतून आनंदाला पूर आला. राष्ट्राचा विजय! १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज मेजवान्यांत दंग, संघ सामन्यांमागून सामने हरत होता, आणि पस्तिशीला आलेले बाळू दुखऱ्या खांद्याने दिवसभर गोलंदाजी करत होते. त्या दौऱ्यात त्यांनी एकूण ११४ बळी घेतले. दहा वर्षे आधी ही संधी मिळाली असती तर? परंतु दहा वर्षे आधी ते मैदान झाडण्यातून नुकते वर आले होते.

परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. हे चित्र डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा विशीतला भीमराव, दुसऱ्या बाजूला जग बघून आलेला पस्तिशीचा गोलंदाज. आपल्यातला माणूस जिंकू शकतो, याचा पुरावा त्या पिढीला बाळूंच्या रूपाने मिळाला होता.

आता कर्णधारपदाचे पाहू. संघात सर्वांत अनुभवी बाळू, सर्वांत जास्त सामने जिंकून दिलेले बाळू. दरवर्षी मागणी होई, दरवर्षी पद दुसऱ्याकडे. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतःच्या सत्कारात सांगितले की हा मान खरे तर ज्येष्ठ आणि अनुभवी खेळाडू म्हणून बाळूंना मिळायला हवा होता. पै जातीने ब्राह्मण. माणूस सरळ होता, त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. परंतु एका सज्जनाच्या बोलण्याने कमिटी बदलत नाही. चेंडू टाकणारा अस्पृश्य चालत होता. हुकूम देणारा अस्पृश्य चालत नव्हता. ब्राह्मण खेळाडूला 'तू तिकडे उभा राहा' असे चर्मकाराने सांगायचे म्हणजे मनुस्मृती उलटी वाचण्यासारखेच की!

असे करता करता १९२० साल उजाडले. बाळू चव्वेचाळीस वर्षांचे. त्यांच्यासाठी हा शेवटचा हंगाम होता आणि ते सगळ्यांना दिसत होते. मुष्टियोद्धा जसा 'आता दोनच लढती, मग हातमोजे खुंटीला' असे मनाशी ठरवतो, तसाच हा प्रसंग. कमिटीने काय केले? चौरंगी स्पर्धेच्या तोंडावर पै उपलब्ध नव्हते म्हणून कर्णधारपद पुण्याच्या देवधरांना दिले, आणि बाळूंना संघातून काढले. म्हातारा झाला म्हणून काढले, असे म्हणायला सोय होतीच. पण मग संघात विठ्ठल पालवणकर होते. बाळूंचे धाकटे भाऊ, त्या काळचे नाणावलेले फलंदाज. देवधरांपेक्षा चौरंगीचा अनुभव त्यांचा जास्त. त्यांना का डावलले? ते तर म्हातारे नव्हते!

तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जे केले ते प्रत्येक जयंतीला सांगण्यासारखे आहे. दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि जाहीर पत्रक काढले. आम्हाला आमच्या जातीमुळे डावलले जाते, असे त्यांनी छापून सांगितले. १९२० साली! महाडचा सत्याग्रह व्हायला अजून सात वर्षे होती. त्या काळच्या हिंदू खेळाडूला कमिटीपुढे तोंड उघडायची हिंमत नव्हती, आणि या दोन भावांनी आपली जागा फेकून दिली. मैदानावर पाणी फिरले तसे वातावरण फिरले, लोक पालवणकरांच्या बाजूने बोलू लागले. शेवटी तडजोड झाली. पै कर्णधार म्हणून परत आले, बाळू उपकर्णधार. भाऊ परतले. सामना चालू असताना पै मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूंना संघ चालवता यावा.

तेवढा वेळ. पंधरा वर्षांच्या नोकरीची बक्षिसी म्हणून थोडा वेळ उसनी दिलेली खुर्ची. बाळू त्यानंतर वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळले नाहीत. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. हे आकडे आजच्या एखाद्या गोलंदाजाच्या नावावर असते तर त्याच्या घराला सोन्याची कौले बसली असती. कर्णधारपद पालवणकरांच्या घरात आले ते १९२३ साली, विठ्ठल यांच्याकडे, आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मिरवले. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले. आपल्या किती ग्रंथालयांत ते आहे, हे एकदा जाऊन पाहायला हरकत नाही.

इथपर्यंत बाळूंची गोष्ट सांगताना आपली छाती फुगते. पण पुढचा भाग सांगताना आपल्यातले पुष्कळ वक्ते पान उलटतात, आणि ते बरोबर नाही.

कारण बाळूंची खरी शेवटची लढत मैदानावर झालीच नाही. ती १९३७ साली मुंबईत मतपेटीवर झाली आणि समोर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मधल्या काळात बाळू गांधीजींच्या बाजूला गेले होते. स्वतंत्र मतदारसंघाला त्यांचा विरोध होता. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३३ साली हिंदू महासभेच्या तिकिटावर ते मुंबई महापालिकेला उभे राहिले आणि पडले. येवल्याची धर्मांतराची घोषणा त्यांना पटली नाही. आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत भायखळा-परळ भागातून स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने एकसष्ट वर्षांच्या बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक दोन हजार वीस मतांचा.

ज्यांनी चहाचा कप दिला नाही, कर्णधारपद दिले नाही, त्यांनी साठी उलटलेल्या गड्याला अचानक उमेदवारी का दिली, हे सांगायला पंडित लागत नाही. बाबासाहेबांना पाडायचे तर कोणी ऐरागैरा चालणार नव्हता. अस्पृश्यांच्या घराघरांत ज्याचे नाव पोहोचले आहे, ज्याच्या विजयाने त्यांच्याच बापांनी गुलाल उधळला आहे, असा माणूस हवा होता. शिवाय चर्मकार विरुद्ध महार अशी फळी उभी करता आली तर सोन्याहून पिवळे. बाळूंनी आयुष्यभर कमावलेली पुण्याई त्यांच्या शेवटच्या लढतीत अशी खर्ची घातली गेली. ही युक्ती त्या वेळी थोडक्यात फसली. १९५२ साली लोकसभेला फळली. तेव्हा एकेकाळचे बाबासाहेबांचे सहकारी नारायणराव काजरोळकर काँग्रेसने उभे केले आणि चौदा हजारांहून अधिक मतांनी बाबासाहेबांचा पराभव झाला.

कांशीरामजींनी १९८२ साली 'चमचा' हा शब्द आपल्या राजकारणाला दिला. तो शब्द मी बाळूंना लावणार नाही. त्यांची भूमिका चुकीची होती, हे निर्विवाद. स्वतंत्र मतदारसंघ गमावून आपण काय गमावले हे आजही प्रत्येक राखीव जागेवर दिसते. परंतु ज्या माणसाने तीन रुपये महिन्यावर झाडू मारण्यापासून सुरुवात केली, हिंदू म्हणवणाऱ्या संघासाठी पंधरा वर्षे खांदा झिजवला, त्याला शेवटपर्यंत वाटत राहिले की ही माणसे आज ना उद्या आपल्याला घरात घेतील. तो भाबडेपणा होता. विकला गेलेला माणूस आणि आशेवर राहिलेला माणूस यांत फरक करायला आपण शिकले पाहिजे, नाहीतर आपल्या इतिहासात बाबासाहेबांखेरीज कोणीच उरणार नाही. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. त्यांना पाहून ज्या भीमरावाला अभिमान वाटला होता, तो पुढच्या वर्षी लाखो लोकांना घेऊन धम्माच्या वाटेला लागला.

विजेत्याने थांबायचे नाहीच का, असे कोणी विचारील. याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. मणिपूरच्या डोंगरातली आदिवासी शेतमजुराची लेक मेरी कोम. सहा वेळा विश्वविजेती, त्यातले शेवटचे अजिंक्यपद २०१८ साली, तीन मुलांची आई असताना. २०१९ साली ऑलिम्पिकच्या निवडीची वेळ आली तेव्हा निजामाबादची तरुण निखत झरीन म्हणाली, माझ्याशी लढून मग जा. महासंघ चाचणी टाळायच्या बेतात होता. निखतने थेट क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिले. चाचणी झाली, मेरी जिंकली. निखत पुढे २०२२ आणि २०२३ साली विश्वविजेती झाली. म्हणजे जुन्या विजेत्याचा मान राखायचा म्हणून नव्या मुलीचा रस्ता अडवायचा, हाही अन्यायच. निखतने जे मागितले ते अगदी योग्य होते. टोकियोला जुलै २०२१ मध्ये मेरी ३-२ अशी हरली. आपण हरलो हे तिला लगेच कळलेही नाही, हात वर करून ती रिंगमधून उतरली. २०२२ च्या चाचणीत गुडघा मोडला. चाळिशी उलटली की हौशी मुष्टियुद्धाच्या नियमांत जागा नाही, हा नियम तिने बदलला नव्हता. पण नियमाने थांबवणे आणि गुडघ्याने थांबवणे यात एक साम्य आहे. दोन्ही वेळा 'कधी' हे तिने ठरवलेले नाही.

आता आपल्या दोन तालुक्यांचे बोलू. शहापूर विधानसभा अनुसूचित जमातीसाठी राखीव. मुरबाड खुला. ग्रामपंचायत, पंचायत समितीत राखीव जागा येतात-जातात. अशी जागा आली की प्रस्थापित पुढारी आपल्या वस्तीत कोणाला शोधतो? मंडळात काम करणारा, वाचणारा, प्रश्न विचारणारा त्याला नको असतो. त्याला हवा असतो फडात नाव काढलेला, कबड्डीत चढाई गाजवलेला, सगळ्यांना आवडणारा आणि आता तिशी-पस्तिशी उलटल्यामुळे रिकामा झालेला भला गडी. त्याच्या गळ्यात हार पडतो. बॅनरवर फोटो लागतो. निवडून आल्यावर सही कुठे करायची ते दुसरा सांगतो. १९३७ ची ती जुनी युक्ती, आकार तेवढा लहान. आणि तो गडी त्यांच्या जाळ्यात का जातो? कारण त्याचा खेळ संपला त्या दिवसापासून आपण त्याच्याकडे फिरकलेलो नसतो.

चळवळीने हे काम आपल्याकडे घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. मुंबईची तहान भागवणारे तानसा आणि भातसा आपल्या शहापुरात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावेही आपल्याच शहापुरात. त्यामुळे सरकार येऊन आपल्या पोरांसाठी क्रीडासंकुल बांधील, ही आशा कोणी धरू नये. परंतु समाजमंदिर आहे, त्यापुढे थोडे अंगण आहे, आणि वस्तीत चाळिशीचा एक पैलवान, एक निवृत्त शिपाई, वयोमर्यादा ओलांडून घरी बसलेला एक धावपटू आहे. याला वस्ताद म्हणून बसवा. नुसता मानाचा नको, महिन्याला ठरलेली रक्कम हातावर ठेवून. लहान पोरांना, आणि पोरींनाही, त्याच्या हाताखाली द्या. पोरींचा मुद्दा आला की आपले काही कार्यकर्ते लगेच खाकरतात. त्यांनी मेरी कोमकडे बघावे. संध्याकाळी तासभर अंगमेहनत, मग अर्धा तास पुस्तक. लंगोट बांधायचा की सोडायचा हे मग त्या गड्याला इनामाकडे बघून ठरवावे लागणार नाही, आणि पुढारी हार घेऊन आला तर 'मला काम आहे' असे सांगायला त्याच्याकडे खरेच काम असेल.

पैसा कुठून आणायचा, असे विचारणाऱ्यांनी मागच्या १४ एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब काढावा आणि डीजेपुढचा आकडा वाचावा. भरतीच्या सरावाला फार लागत नाही. ७.२६० किलोचा एक लोखंडी गोळा, साडेआठ मीटरवर चुन्याची एक रेघ, वेळ मोजायला एक घड्याळ, आणि १६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत कसे पळायचे ते सांगणारा माणूस. तो माणूस वस्तीत आहे. पहाटे पाचला रस्त्यावर भेटेल.